धुतलेला डबा

१

भिवा धुरी आमदारांच्या खुर्चीत कधी बसत नसत. लालबागच्या त्रिकमजी चाळीतली ती खोली दिवसा जनसंपर्क कार्यालय असे आणि दिवेलागणीनंतर आमदार दर्शना राऊळ यांचं घर. भिवातात्यांची जागा दाराजवळच्या बाकड्यावर ठरलेली. “खुर्ची लोकांची. माका बाकडा बरा,” असं ते म्हणत आणि पेपराच्या घडीत पुन्हा शिरत. म्हणून त्या गुरुवारी दुपार कलल्यावर दर्शना विधानभवनातून परतली आणि तात्या तिच्या खुर्चीत मान टाकून बसलेले दिसले, तेव्हा भीती आधी आली आणि तिचं कारण मागाहून.

“तात्या, उठा. चहा टाकते.”

खिडकीतून आलेलं ऊन त्यांच्या पायांवरून सरकत चाललं होतं आणि पाय त्याला काहीच बोलत नव्हते. पेपर खाली पडला होता. मिशीच्या टोकाला सांबाऱ्याचा डाग वाळला होता. बाकी खोली स्वच्छ होती. मोरी कोरडी, ओटा पुसलेला. जेवलेल्या माणसाचं ताट गेलं कुठे, हा प्रश्न दर्शनाला तेव्हा पडला नाही. तिने त्यांचा हात हातात घेतला. याच हाताने तिला कधीकाळी गिरणीच्या फाटकाशी एका स्टुलावर उभं केलं होतं. ‘बोल, पोरी. आवाज फुटलो तरी चलात,’ असं म्हणणारा हात आता थंड होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. अशासकीय कामकाजाचा तो दिवस आणि यादीत तिचं विधेयक होतं: घरातल्या बाईच्या वेगळ्या संमतीवाचून कोणतीही चाळ पुनर्विकासासाठी पाडता येणार नाही आणि नव्या घराच्या करारावर तिचं नाव घालावंच लागेल. तिच्या साऱ्या राजकीय आयुष्याचा अर्क त्या मोजक्या कलमांत उतरला होता. ती ते मांडायला गेली नाही. ती भोईवाड्याच्या स्मशानात उभी होती. विधेयक पुढच्या शुक्रवारवर गेलं.

म्हातारं माणूस, थकलेलं हृदय. सगळ्यांनी तेच मानलं असतं. पण आमदाराच्या कार्यालयातला मृत्यू म्हणून शवविच्छेदन झालं आणि एरवी महिनोन्‌महिने रखडणारा अहवाल सोमवारीच हाती आला. तात्यांच्या पोटात आंबोळी होती, काळ्या वाटाण्यांचं सांबारं होतं आणि त्यांच्या हृदयाला न पेलणाऱ्या प्रमाणात झोपेचं औषध होतं.

दर्शनाने तो कागद खाली ठेवला. आंबोळ्या-सांबाऱ्याचा डबा तात्यांसाठी नव्हताच. तो तिच्यासाठी आला होता.

२

भीतीला आवाज असतो, असं तिला आजवर वाटत आलं होतं. लाठ्यांचा, फोनवरच्या शिवीगाळीचा, सभेत भिरकावलेल्या बाटलीचा. त्या आवाजांना ती सरावली होती. ही भीती मुकी होती आणि ती ताटात वाढलेली होती.

आणि ताट हेच तर तिचं राजकारण. पहिली निवडणूक लढवली तेव्हा तिच्याकडे गाड्या नव्हत्या की फलक नव्हते. ती दारोदार गेली आणि मत मागायच्याऐवजी जमिनीवर मांडी घालून बसली. “असेल ती भाकरी वाढा.” शीवच्या कोळीवाड्यात, नायगावच्या बौद्धवस्तीत, भायखळ्याच्या मुसलमान मोहल्ल्यात, ज्यांच्याकडे तिच्या नात्यातली माणसं पाणीही घेत नसत त्या घरांत ती जेवली. नगरसेवक झाली, आमदार झाली, तरी जेवत राहिली. पक्षातली माणसं कौतुकाने आणि कुजकटपणे तिला ‘जेवणारी आमदार’ म्हणत.

हे तिला आईने दिलं होतं. गिरण्यांच्या संपाच्या वर्षी याच खोलीत राऊळांची चूल पेटत नसे, तेव्हा शेजारून वाटी यायची. वाटी परत करताना रिकामी द्यायची नसते. इतर घरांतून त्यात चिमूटभर साखर जाई. राऊळांकडे साखर नव्हती. गावाहून आलेल्या आमसुलांची एक बरणी तेवढी होती. आई धुतलेल्या वाटीत एक आमसूल ठेवी आणि धाकट्या भावाच्या, रघूच्या हाती ती धाडून देई. संपाच्या कितीतरी गोष्टी दर्शनाने व्यासपीठांवरून सांगितल्या. ही कधी सांगितली नव्हती. त्यात आईची लाज होती आणि आईचा मानही.

आता कोणी चहाचा कप पुढे केला तरी तिचा हात मागे येत होता.

मंगळवारी सकाळी दर्शनाच्या निरोपावरून लतिका राजाध्यक्ष आल्या. गिरगावातल्या, गुन्हे शाखेतून निवृत्त झालेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या बाई. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि तात्यांच्या बाकड्यावर बसल्या.

“तुमच्या आयुष्यातली पहिली अटक मीच केली होती, दर्शनाबाई. फोर्टातला मोर्चा. तुम्ही माझ्या मनगटाला चावला होतात.”

“आठवतंय. तुम्ही केस धरले होते.”

“म्हणजे हिशेब चुकता. आता सांगा, डबा कुणी पाठवला?”

डबा शेवंतीने पाठवला होता. शेवंती ही तात्यांची विधवा सून. शेजारच्याच खोलीत सासऱ्याबरोबर राहणारी, लालबागच्या मसाला कुटायच्या डंकावर कामाला जाणारी. अधिवेशनाच्या दिवसांत दर्शना उपाशी राहते म्हणून ती कधीमधी डबा भरून ओट्यावर ठेवून जाई. गुरुवारी आपण दुपारी घरी जेवायला येऊ, असं दर्शनाने आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगितलं होतं.

“सगळ्यांना म्हणजे?”

“शेवंतीला. निलेशला, तो माझा स्वीय सहायक. पक्षाच्या उन्मेष करंदीकरांना. रघुवीरला, माझ्या भावाला. पण सभागृहाचं कामकाज लांबलं. मी तात्यांना फोन केला: माझी वाट बघू नका, माझा डबा तुम्ही खा.” तिने ओट्याकडे पाहिलं. “मीच सांगितलं त्यांना.”

“आणि तो डबा आता कुठे आहे?”

“पोलिसांकडे. शेवंतीच्याच घरात मिळाला, लखलखीत धुतलेला.”

दारात पावलं वाजली. रघुवीर आला होता, शीवहून, हातात पितळी कडीचा डबा. सोमवारपासून बहिणीच्या घशाखाली उतरत होतं ते फक्त त्याच्या घरचं अन्न. “ताई, गरम आहे तोवर खाऊन घे,” तो म्हणाला. “आणि बाहेर ऐकलंस का? शेवंतीवहिनीला पोलीस घेऊन गेले.”

३

पोलिसांचा तर्क सरळ होता. खोली भिवा धुरींच्या नावावर. म्हातारा गेला की ती सुनेकडे येणार. डबा तिचा, धुतला तिने, लपवला तिने. शेवंती एवढंच सांगत होती: “कामावरना इलंय तेव्हा डबो आमच्या दारातल्या फळीवर होतो. कोणी ठेवलो, माका ठाऊक नाय.”

लतिकाबाई मात्र निलेशला भेटायला विधानभवनाजवळच्या चहाच्या टपरीवर गेल्या आणि दर्शनालाही बरोबर घेतलं. निलेश विरारचा, चटपटीत, गळ्यात ओळखपत्र, दोन्ही खिशांत फोन.

“गुरुवारी भर दुपारी तू कुठे गायब झालास?” लतिकाबाईंनी विचारलं.

“झेरॉक्स काढायला. विधेयकाच्या प्रती.”

“प्रती बुधवारीच निघाल्या होत्या. मी विचारून आलेय.”

निलेशने दर्शनाकडे पाहिलं, मग चहाच्या ग्लासाकडे. “ताई, राग मानू नका. मी दुसऱ्या एका आमदाराकडे बोलायला गेलो होतो. जॉबसाठी. तुमच्याकडे राहून माझं लग्न जमत नाही. मुलीवाले विचारतात, पुढच्या वेळी तिकीट मिळणार का यांना?”

दर्शनाला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. हा माणूस रोज तिच्या पाण्याची बाटली भरत असे.

दादरच्या पक्ष कार्यालयात उन्मेष करंदीकर एअर कंडिशनरखाली शाल पांघरून बसले होते. विधेयक मांडू नका असं त्यांनी तिला तीनदा सुचवलं होतं, प्रत्येक वेळी अधिक गोड शब्दांत.

“राजाध्यक्षबाई, मी त्या दिवशी सकाळपासून गटनेत्यांच्या दालनात होतो. हवं तर पन्नास माणसं सांगतील. आणि विष काय घालायचं? विधेयक पाडायला आमच्याकडे बहुमत नावाची स्वस्त वस्तू आहे.” मग ते दर्शनाकडे वळले. “बाई, शेवटचं सांगतो. त्या सुनेच्या अटकेने प्रकरण मिटतंय तर मिटू द्या. उद्या तुमच्याच अवतीभवतीचं कोणी निघालं, तर विरोधक तुम्हाला सभागृहात बोलू देणार नाहीत. विधेयक गेलं आणि तिकीटही गेलं. वीस वर्षांची मेहनत आहे तुमची.”

बाहेर पडल्यावर लतिकाबाई टिळक पुलाच्या दिशेने चालू लागल्या. मग म्हणाल्या, “या दोघांना सोडा. डबा शेवंतीने सकाळी तुमच्या ओट्यावर ठेवला, तेव्हा हे दोघेही विधानभवनात होते. निलेश दुपारी निसटला खरा, पण तेव्हा त्याला माहीत होतं की तुम्ही घरी जात नाही. ज्या ताटावर तुम्ही बसणारच नाही, त्यात तुमच्यासाठी कोण काय कालवील?”

“मग?”

“मग असं माणूस, ज्याला तुमचं येणं रद्द झाल्याची खबर नव्हती. त्याने शांतपणे डब्यात औषध घातलं आणि ते निघून गेलं. दुपारी ते परत आलं, कारण तुम्ही निपचित पडलेल्या सापडाव्यात ही त्याची अपेक्षा होती. आणि खुर्चीत तात्या दिसले.” त्या थांबल्या. “तात्या तुमच्या खुर्चीत का बसले असतील? झोप अंगावर यायला लागल्यावर बाकड्यापर्यंत जाता आलं नसेल. त्या माणसाने त्यांना तसं पाहिलं, दर्शनाबाई. डॉक्टरला हाक मारली नाही. भांडी धुतली.”

टिळक पुलावरून वारा येत होता. ऊन असूनही दर्शनाने पदर घट्ट ओढून घेतला.

४

बुधवारी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्याबाहेर एक वाटी होती. वर पितळी झाकण.

दर्शना झाकणाकडे बघत उभी राहिली. चाळ जागी होत होती; नळाला पाणी आलं होतं, कुणीतरी रेडिओ लावला होता, एक मूल शाळेला न जाण्यासाठी रडत होतं. या सगळ्यातून कोणीतरी चालत येऊन ही वाटी ठेवून गेलं होतं. तिने चिमट्याने वाटी उचलली, मोरीत उपडी केली, नळ सोडला आणि वाटी कचऱ्यात टाकली.

दुपारी मजल्याच्या टोकाची म्हातारी काशीबाई काठी टेकत आली. “तात्यांच्या नावान केलली खीर धाडलंय. पोचली मां?”

दर्शनाची नजर कचऱ्याच्या डब्याकडे गेली. म्हातारीने तिच्याकडे आणि मग कचऱ्यातून डोकावणाऱ्या आपल्या वाटीकडे पाहिलं. ती वाकली, वाटी काढून घेतली आणि पदराने पुसत निघून गेली. वीस वर्षांत जे कुणाला जमलं नव्हतं ते कुणीतरी एका डब्याने साधलं होतं. जेवणाऱ्या आमदाराने शेजारणीचं अन्न फेकलं होतं.

लतिकाबाई चाळीच्या पायऱ्या चढून आल्या त्या धापा टाकतच. “पोलिसांनी सगळ्या मजल्याला विचारलं: गुरुवारी कोणी परका आला होता का? सगळे म्हणाले, नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. परका आला असता तर दिसला असता. चाळीत घरचं माणूस कुणाला दिसत नाही.”

“म्हणजे चाळीतलंच कोणी?”

“किंवा चाळीचं झालेलं.”

रघुवीर डबा घेऊन आला तेव्हा लतिकाबाईंनी त्यालाही बसवलं. पन्नाशीकडे झुकलेला, सावकाश बोलणारा गृहस्थ. चाळीच्या पुनर्विकास समितीचा तो चिटणीस होता. घरोघर फिरून भाडेकरूंच्या सह्या त्यानेच गोळा केल्या होत्या. ताईच्या प्रत्येक निवडणुकीत पोस्टरची खळही त्यानेच ढवळली होती.

“गुरुवारी? हिंदमाताला होतो, बायकोबरोबर. भाचीचा साखरपुडा आहे, साड्या घ्यायच्या होत्या.”

“दुकानात आत होता?”

“मी काय आत करणार? बाहेर बाकड्यावर.”

“साडीच्या दुकानाबाहेर बसलेला नवरा,” लतिकाबाई म्हणाल्या. “त्याच्याइतका एकटा प्राणी नाही. घरी कधी निघून गेला तरी आत पत्ता लागत नाही.”

रघुवीर हसला. दर्शनाही हसली आणि त्याने आणलेला भात कालवू लागली. लतिकाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

५

शेवंतीची भेट लतिकाबाईंच्या जुन्या ओळखीने मिळाली. पोलीस ठाण्याच्या मागच्या खोलीत ती जमिनीवर बसली होती. मसाल्याच्या वासाने कायमची माखलेली तिची बोटं त्या फिनेलच्या वासातही ओळखू येत होती.

“ताई, तुम्ही कशाला इलात? पेपरवाले बघतील. तुमचा शुक्रवार इलो.”

“शेवंती, तो डबा फळीवर होता तेव्हा नेमका कसा होता?”

शेवंतीने लतिकाबाईंकडे पाहिलं आणि ओठ मिटले.

“या आपल्या आहेत. सांग.”

“मी कोणाक बोललंय नाय, ताई. बोलूचंय पण नाय. तुम्ही काळजी करू नका.”

“कसली काळजी?”

शेवंती कुजबुजली. “डबो तुम्हीच धुवन ठेवलात मां? झाकण काढलंय तर आत आमसूल होता. म्हटलं, ताईनच ठेवल्यान, रिकामो कसो देतली. मगे पोलीस बोलले, ज्यान डबो धुतलो त्यान मारल्यान. म्हणान मी गप रवलंय. तुमचा नाव इला असता तर सगळाच बुडाला असता.”

खोलीतला पंखा फिरत होता. दर्शनाला त्याची पाती दिसत होती, एकेक, सुटी सुटी.

“त्या आमसुलाचं काय केलंस?” लतिकाबाईंनी विचारलं.

“बरणीत टाकलंय. खावचा जिन्नस. फेकतत काय?”

बाहेर रस्त्यावर आल्यावर लतिकाबाई एका बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. त्या बोलल्या त्या दर्शनाशी आणि अर्ध्या स्वतःशी.

“डबा तात्यांनी धुतला नाही. धुतला असता तरी त्यात काही ठेवलं नसतं; डबा त्यांच्याच घरचा. आपल्याच घरी आपलंच भांडं नेताना कोण त्यात काही घालतं? शेवंतीलाही कारण नव्हतं. बाहेरच्या मारेकऱ्याने डबा खाडीत टाकला असता. हा माणूस घाबरला होता, घाईत होता, समोर प्रेत होतं. तुमच्या खोलीत जेवण झालं याची खूण त्याला पुसायची होती. आणि तरीही हात तुमच्या ओट्यावरच्या आमसुलांच्या बरणीकडे गेला. त्याला तो हात थांबवता आला नाही. त्याच्या हाताच्या लेखी तुमची खोली म्हणजे आपलं घर आणि धुरींची खोली म्हणजे शेजार.” त्यांनी वर पाहिलं. “हे मी शेवंती बोलत असतानाच मनात जुळवलं. मला एकच कळत नाही. साखरेचा डबा बरणीला लागून आहे. आमसूलच का?”

दर्शना उभीच होती. समोरून शाळेच्या मुलांची रांग चालली होती, एकमेकांच्या खांद्यांवर हात ठेवून.

“लतिकाबाई, नुसत्या एका आमसुलावर न्यायालय कुणाला दोषी धरील का?”

“नाही. त्याचा अर्थ सांगणारा साक्षीदार लागेल.” मग अगदी हळू आवाजात, “तुम्हाला माहीत आहे.”

“उद्या दुपारी रघू डबा घेऊन येईल,” दर्शना म्हणाली. “तुम्ही आतल्या पडद्यामागे बसा.”

६

गुरुवारी दुपारी तो आला. पितळी कडी वाजली. दर्शना खुर्चीत बसली होती.

“चेहरा उतरलाय तुझा, ताई. जेव. उद्या दिवसभर उभं राहायचंय तुला.”

“आधी हा कालचा घेऊन जा.” तिने त्याचाच आदल्या दिवशीचा डबा पुढे सरकवला. “बघ, नीट धुतलाय ना. वहिनी नावं ठेवायची.”

त्याने सवयीने झाकण काढलं. तळाशी एक आमसूल होतं, काळपट, सुरकुतलेलं.

रघुवीरने ते चिमटीत उचललं आणि पुन्हा तळाशी ठेवलं. गॅलरीत कुणीतरी कपडे पिळत होतं आणि पाण्याची धार खालच्या पत्र्यावर पडत होती.

“आईसारखं,” तो शेवटी म्हणाला.

“वाटी घेऊन तू जायचास. मी अभ्यासाचं निमित्त करायचे, मला लाज वाटायची. तू मात्र उड्या मारत जायचास.” तिने डब्यातल्या आमसुलाकडे बोट केलं. “शेवंतीच्या डब्यात कुणी ठेवलं, रघू?”

त्याने झाकण परत लावलं, पुन्हा काढलं. मग तो बाकड्यावर बसला, तात्यांच्या जागी, आणि लगेच दचकून उठला.

“तुला काही होणार नव्हतं, ताई. आईच्या आजारपणातल्या गोळ्या होत्या. तू शुक्रवारभर झोपली असतीस, एवढंच. मी दवाखान्यात नेलं असतं, उशाशी बसलो असतो. सगळी व्यवस्था मी मनात केली होती.”

“सगळी व्यवस्था.”

“तुझं विधेयक आलं की मी गोळा केलेल्या सगळ्या सह्या रद्द होतील. बिल्डरच्या माणसांना मी शब्द दिलाय. ते तुझ्याकडे येत नाहीत. तू आमदार आहेस. ते माझ्याकडे येतात. माझ्या राजसच्या कॉलेजच्या दाराशी येऊन उभे राहिले होते, त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला आणि मला पाठवला. मी कुणाला सांगणार होतो? तुला? तू सभागृहात भाषण केलं असतंस.”

तिने खरोखरच भाषण केलं असतं.

“आणि तात्या?”

“मी आलो तेव्हा ते घोरत होते,” रघुवीर म्हणाला आणि स्वतःच्याच शब्दांनी पांढराफटक पडला. “मला वाटलं, झोपतील आणि उठतील. मी भांडी धुतली. मागे वळलो तर घोरणं थांबलं होतं.”

पडदा हलला नाही. दर्शनाने समोरच्या आजच्या डब्यावर हात ठेवला. तो अजून ऊन होता. उद्या पुन्हा शुक्रवार होता.

“यात आहे?”

त्याने हात लांब करून डबा हळूच आपल्याकडे ओढून घेतला, लहानपणी खेळात हरल्यावर सोंगट्या ओढून घ्यायचा तसा, आणि तो छातीशी धरून उभा राहिला.

“ताई, मी घरचा आहे.”

“म्हणूनच तर कुणाला दिसला नाहीस,” ती म्हणाली.

लतिकाबाई पडद्याआडून बाहेर आल्या. त्यांनी डबा त्याच्या हातून घेतला, तो हिसकावल्यासारखा नव्हे, पाहुण्याच्या हातचं ओझं घ्यावं तसा.

७

शुक्रवारी सकाळी, सभागृहाची घंटा होण्याआधी, दर्शना राऊळ यांनी पोलीस ठाण्यात जबाब दिला. संपाच्या वर्षाची, वाटीची आणि आमसुलाची ती गोष्ट तिने पहिल्यांदा सांगितली, तीही एका अनोळखी फौजदाराला. रघूच्या फोनमधला, त्याच्या मुलाचा तो फोटोही तिने जबाबाला जोडला. करंदीकरांचे फोन येत होते. तिने उचलले नाहीत.

सभागृहात ती उभी राहिली तेव्हा बातमी तिच्या आधी पोचली होती. “भावाला सांभाळा, मग बायकांना,” असं कुणीतरी ओरडलं आणि बाकं वाजली. आदल्या दुपारपासून तिने अन्नाला हात लावला नव्हता. तिने समोरचं बाक घट्ट धरलं आणि तिला गिरणीच्या फाटकाशी ठेवलेलं स्टूल आठवलं. गदारोळातच तिने आपली कलमं वाचली, आवाज फुटला तरी वाचली. विधेयक मांडायला परवानगी मिळाली. पुढे त्याचं काय होणार, आपलं काय होणार, हे तिला समोरच्या चेहऱ्यांवर स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी शेवंती सुटून आली. दुपारी तिने दाराला हात न लावता बाहेरूनच हाक मारली. हातात वाटी होती, वर ताटली झाकलेली.

“पेज हा. मीठ घातलंय. नको तर नको, ताई. मी राग मानूचंय नाय.”

दर्शनाने वाटी घेतली. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली आणि त्या वाफेबरोबर भीतीही, आता ओळखीची झालेली, घरातल्या माणसासारखी. शेवंती उंबऱ्याशी उभी होती आणि कुठेच बघत नव्हती. दर्शना जमिनीवर मांडी घालून बसली. पहिला घोट गिळायला तिला फार वेळ लागला. नंतरचे घोट मुकाट्याने खाली गेले.

शेवंती गेल्यावर तिने वाटी धुतली, पुसली. हात बरणीकडे गेला आणि वाटेतच थांबला. मग तिने साखरेचा डबा उघडला.

वाटी पोचवायला घरात आता कोणी नव्हतं. ती स्वतःच उठून निघाली.